बोलक्या बायकांचा रोकडा हिशेब

‘गोल्ड डिगर्स ऑफ ब्रॉडवे’ हा वॉर्नर ब्रदर्सचा १९२९ सालचा रंगीत बोलपट आज ऐकता येतो, पण पाहता येत नाही. वॉर्नरच्या व्हायटाफोन पद्धतीत आवाज फिल्मवर नसे, वेगळ्या तबकड्यांवर असे. तबकड्या टिकल्या, फिल्म गेली. शेवटच्या रिळांमधला काही भाग तेवढा पुढे हाती लागला. त्यामुळे विनी लाइटनरचा खणखणीत आवाज आणि निक लुकसची गाणी कानावर पडतात, समोरचा पडदा मात्र बराचसा कोरा. नुकसान मोठं आहे खरं, पण या जातीच्या सिनेमापुरतं बोलायचं तर जे वाचलं ते नेमकं महत्त्वाचं होतं. श्रीमंत पुरुष गाठून आयुष्याची सोय लावायला निघालेल्या देखण्या बायकांच्या ज्या कॉमेड्या हॉलिवुडनं १९२९ ते १९३४ या काळात धडाधड काढल्या, त्यांची सगळी भिस्त बोलण्यावर होती.

या चित्रपटांबद्दल दोन मतं ठरून गेल्यासारखी आहेत. सेन्सॉरचा फास आवळण्याआधी काढलेले हे चावट, उथळ खेळ होते, हे एक. बाईला पडद्यावर पुन्हा कधी मिळालं नाही एवढं स्वातंत्र्य इथं मिळालं, हे दुसरं. समीक्षक मॉली हॅस्केलनं १९७४च्या आपल्या पुस्तकात या दुसऱ्या मताची पायाभरणी केली आणि मिक लासालनं २००० साली त्यावर मजले चढवले. दोघांचंही ऐकावंसं वाटतं, पण चित्रपट ओळीनं पाहिले की वेगळंच डोळ्यांत भरतं. त्यांत शृंगार आहे त्याहून हिशेब जास्त आहे. भाडं थकलंय, जेवण कुठून आणायचं, हा माणूस किती खर्च करील, लग्न केलं तर काय पडेल, न केलं तर काय पडेल. बायका हे सगळं एकमेकींशी मोठ्यानं बोलतात. १९३४ नंतर बंद झालं ते मुख्यतः हे बोलणं, असं माझं म्हणणं आहे.

या कुळाचा मूळपुरुष एव्हरी हॉपवुड हा नाटककार. त्याचं ‘द गोल्ड डिगर्स’ हे नाटक डेव्हिड बेलास्कोनं १९१९ साली ब्रॉडवेवर आणलं आणि इना क्लेअर त्यात नायिका होती. कथा साधी: श्रीमंत घरातला तरुण कोरसमधल्या मुलीच्या प्रेमात पडतो, घरचा वडीलधारा लग्न मोडायला येतो, तेव्हा मुलीची मैत्रीण ठरवून हावरट, सवंग बाईचं सोंग घेते. आपल्यापुढे ती मुलगी सोज्वळ दिसावी, एवढाच हेतू. म्हणजे पुरुषांना लुबाडणारी बाई पहिल्यांदा गाजली तीच मुळी सोंग म्हणून. पुरुषाच्या डोक्यात नाटकवाल्या पोरींबद्दल जे चित्र आधीच तयार आहे तेच त्याला वठवून दाखवायचं आणि त्याची फजिती करायची. पुढच्या कित्येक पटकथा याच एका युक्तीवर उभ्या आहेत. हॉपवुडच्या नाटकावरून १९२३ साली मूकपट झाला, १९२९ साली वर सांगितलेला बोलपट झाला, आणि १९३३ साली या मालिकेतला सर्वांत चांगला चित्रपट.

दुसरं मूळ अनिता लूस. रेल्वेनं न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला जाताना डब्यातले शहाणेसुरते पुरुष एका भाबड्या दिसणाऱ्या सोनेरी केसांच्या मुलीभोवती कसे घोटाळतात, हे तिनं पाहिलं आणि त्यातून ‘जंटलमेन प्रिफर ब्लाँड्स’ निघालं. १९२५ साली पुस्तक आलं आणि त्यातली लोरलाय ली घरोघर पोचली. ही लोरलाय रोजनिशी लिहिते. शुद्धलेखनाचा आनंद आहे, व्याकरण दिव्य आहे, पण कोणता पुरुष किती कामाचा याचा तिचा अंदाज कधी चुकत नाही. पुस्तकाची सगळी गंमत तिच्या सांगण्याच्या ढंगात आहे. १९२८ साली त्यावर मूकपट निघाला तो आता उपलब्ध नाही; पण बोलता न येणारी लोरलाय कितीशी रंगली असेल, हा प्रश्न चित्रपट न पाहताही पडतो. मूकपटात डोळे, पापण्या, गुडघे आणि हिऱ्याची अंगठी दाखवता येते. घासाघीस दाखवायला तोंड लागतं.

ते तोंड १९२७च्या ऑक्टोबरात ‘द जॅझ सिंगर’नं उघडलं. मग स्टुडिओंना बोलता येणारी माणसं हवी झाली आणि ती होती ब्रॉडवेवर. तिथून नट आले, नाटकं आली आणि नाटकवाल्यांची जीभही आली. जोन ब्लाँडेल आणि जेम्स कॅग्नी हे दोघं ‘पेनी आर्केड’ या एकाच नाटकातून १९३० साली वॉर्नरकडे आले. ब्लाँडेल म्हणजे या काळाचा खरा आवाज. वाटोळे मोठे डोळे, हसरा चेहरा आणि त्या हसण्याला अजिबात न शोभणारा व्यवहारीपणा. तिचं बोलणं भरभर, सरळ, जाता जाता टोला हाणणारं. ग्लेंडा फॅरेलशी तिची जोडी जमली तेव्हा तर दोघींच्या तोंडाला खंड नसे. ‘हवाना विडोज’ (१९३३) मध्ये या दोघी उसन्या पैशावर क्यूबाला जातात ते एखादा लक्षाधीश गळाला लागतो का बघायला. चित्रपट म्हणून तो बेताचाच. एक तासाच्या आसपासचा माल. वॉर्नरमध्ये असे चित्रपट कारखान्यासारखे निघत. पण दोघींची जुगलबंदी आजही ताजी वाटते, कारण त्या गरीब बिचाऱ्याही नाहीत आणि कारस्थानीही नाहीत. कामावर निघालेल्या बायका आहेत, इतकंच.

काम हा शब्द मुद्दाम वापरतोय. ऑक्टोबर १९२९ मध्ये शेअरबाजार कोसळला आणि १९३३ पर्यंत अमेरिकेतल्या कष्टकऱ्यांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा बेकार झाला. थिएटरं ओस पडू लागली. आठवड्याला सुमारे ९ कोटी तिकिटं खपत होती ती ६ कोटींवर आली, असे आकडे दिले जातात. अशा प्रेक्षकापुढे पैशासाठी लग्न करणं पाप आहे, असं प्रवचन झोडण्यात अर्थ नव्हता. त्याला पडद्यावर साटीन हवं होतं, शॅम्पेन हवी होती, आणि ती साटीनवाली बाई आपल्यासारखीच कालपरवा उपाशी होती हेही कळायला हवं होतं.

‘गोल्ड डिगर्स ऑफ १९३३’ या दोन्ही गोष्टी एका दमात देतो. दिग्दर्शक मर्विन लरॉय, नाचगाणी बझ्बी बर्कलीची. पहिल्याच गाण्यात जिंजर रॉजर्स आणि मुलींचा ताफा नाण्यांचे कपडे घालून आता पैशाला तोटा नाही म्हणून नाचतो. मागे नाणी, पुढे नाणी, अंगावर नाणी. मध्येच जिंजर त्या ओळी उलट्यासुलट्या अक्षरांच्या पोरकट भाषेत म्हणून दाखवते आणि कॅमेरा तिच्या तोंडाच्या अगदी जवळ जातो. हे चालू असतानाच शेरीफची माणसं आत घुसतात. बिलं थकलीत, सामान जप्त. नाणी लावलेले कपडे मुलींच्या अंगावरून ओढून घेतात. ही केवळ रंगीत तालीम होती, नाटक सुरू व्हायच्या आतच बंद पडतं. चित्रपट १९३३च्या मे महिन्यात आला. त्याच वर्षी ५ एप्रिलला रूझवेल्टच्या सरकारनं लोकांनी घरी साठवलेली सोन्याची नाणी जमा करण्याचा हुकूम काढला होता. हा योगायोगच, पण तिकीट काढून बसलेल्या माणसाला तो जाणवला नसेल असं वाटत नाही.

यानंतरचा प्रसंग मला नाचगाण्यांहून सरस वाटतो. तीन बेकार मुली एका खोलीत झोपलेल्या. उठून करायचं काय, म्हणून उठत नाहीत. अलाइन मॅकमहॉनची ट्रिक्सी खिडकीतून चिमटा बाहेर काढते आणि शेजाऱ्याच्या खिडकीतली दुधाची बाटली अलगद उचलून आत घेते. चोरीची लाज नाही, तिचं समर्थन नाही. कुणी भाषणही देत नाही. नव्या नाटकाची बातमी येते तेव्हा निर्मात्याला भेटायला जाण्याजोगे कपडे कुणाच्या अंगावर आहेत आणि ते घालून कुणी जायचं, यावर वाद होतो. कपड्यांची ऐट ही या जातीच्या चित्रपटांत नेहमीच भांडवल म्हणून येते. गिऱ्हाईक आणायचं तर दुकान सजलेलं हवं.

पुढे हॉपवुडची जुनी युक्ती. बॉस्टनच्या खानदानी घरातला लॉरेन्स ब्रॅडफर्ड (वॉरन विल्यम) आपल्या धाकट्या भावाचं लग्न मोडायला येतो आणि कॅरॉललाच (ब्लाँडेल) त्याची प्रेयसी समजतो. नाटकवाल्या बायका सवंग आणि हलक्या, असं तो तोंडावर बोलून दाखवतो. मग दोघी मैत्रिणी ठरवतात, याला आपल्याबद्दल जे वाटतं ते याच्याच खर्चानं सिद्ध करून दाखवायचं. ट्रिक्सी वकील पीबडीला (गाय किब्बी) टोप्या आणि फुलं घ्यायला लावते. कॅरॉल लॉरेन्सला दारूच्या गुंगीत आपल्या खोलीत झोपवून सकाळी त्याचा भलताच समज करून देते आणि दहा हजार डॉलरचा चेक वसूल होतो. हा चेक ती वटवत नाही, चौकटीत लावून ठेवते. चित्रपटाच्या मनातली पंचाईत या चौकटीत उघडी पडते. पैसे मागण्याइतकी ती धीट आहे, पण पैसे घेतले तर प्रेक्षक तिला नायिका मानेल का, याची लेखकांना धास्ती आहे. ट्रिक्सीच्या बाबतीत अशी धास्ती नाही. ती पीबडीला आणि त्याच्या पैशाला एकदमच पदरात पाडून घेते, आणि तिच्यावर कुणी रागावत नाही, कारण ती विनोदी पात्र आहे. कॉमेडीत दुय्यम भूमिकेला जेवढी मोकळीक मिळते तेवढी नायिकेला मिळत नाही, हा नियम पुढेही दिसत राहतो.

शेवटी तीन लग्नं लागतात आणि आता सगळं गोड होणार असं वाटत असताना बर्कली पहिल्या महायुद्धातल्या, आता बेकार होऊन रांगेत उभ्या असलेल्या सैनिकांवरचं गाणं आणतो. ब्लाँडेल त्यात रस्त्यावरची वेश्या आहे. ती ओळी गात नाही, म्हणते. मग एका खिडकीतून एटा मोटन ही कृष्णवर्णीय गायिका तेच गाते. आदल्याच वर्षी, १९३२च्या जुलैत, बोनसचे पैसे मागायला वॉशिंग्टनला जमलेल्या माजी सैनिकांना लष्करानं पिटाळून लावलं होतं. नाण्यांच्या गाण्यानं सुरू झालेली कॉमेडी इथं येऊन थांबते, याचं मला दर वेळी आश्चर्य वाटतं. चित्रपटाचा सांधा इथं निखळतो अशी तक्रार करता येईल, पण सांधा घट्ट असता तर हा चित्रपट एवढा लक्षात राहिला असता की नाही, शंका आहे.

याच्या वर्षभर आधी, १९३२ साली, सॅम्युअल गोल्डविननं ‘द ग्रीक्स हॅड अ वर्ड फॉर देम’ काढला होता. मूळ नाटक झोई एकिन्सचं. नाटकाच्या नावाच्या शेवटी ‘इट’ होतं. त्यातून भलतं सुचतं म्हणून चित्रपटाच्या वेळी ते ‘देम’ झालं. तीन मैत्रिणी: शाट्झी (ब्लाँडेल), पोलेर (मॅज इव्हान्स) आणि जीन. जीनच्या भूमिकेत इना क्लेअर, म्हणजे १९१९ सालची हॉपवुडची मूळ नायिकाच. तेव्हा सोंग म्हणून जे केलं ते इथं ती खरंखुरं करते. जीनला मैत्रिणीचा पुरुष पळवल्याशिवाय चैन पडत नाही; पळवते, पकडली जाते, शिव्या खाते आणि पुन्हा त्याच दोघींबरोबर प्यायला बसते. पुरुष येतात नि जातात. लॉवेल शर्मननं दिग्दर्शन करता करता अहंमन्य पियानोवादकाची भूमिकाही केली आहे आणि ती मजेदार आहे, पण चित्रपटाचा खरा संसार या तिघींचा. शेवटी जीन एका म्हाताऱ्या धनाढ्याशी लग्नाला उभी राहायच्या बेतात असताना दोघी येतात, प्यायला घालतात आणि नवरीला उचलून पॅरिसच्या बोटीवर नेतात. पोलेरचा प्रियकर त्याच बोटीवर निघतो, तेवढा एक गोड धागा ठेवलाय. बाकी तिघींपैकी कुणाला पश्चात्ताप नाही.

या चित्रपटाचे कपडे कोको शनेलचे. गोल्डविननं तिला पॅरिसहून मोठ्या रकमेच्या बोलीवर बोलावलं होतं. दहा लाख डॉलरचा आकडा तेव्हा छापून येत होता. आपल्या नट्यांनी तिनं शिवलेले कपडे घातले की बायका कपडे पाहायला तरी येतील, हा साधा धंदेवाईक हिशेब. तो फारसा जमला नाही. शनेलची ऐट संयमाची होती आणि हॉलिवुडला लांबून चमकणारं काहीतरी लागत होतं. ते एमजीएममध्ये एड्रियननं ओळखलं. त्यानं जीन हार्लोसाठी बेतलेले पांढऱ्या साटीनचे तिरप्या कापाचे झगे कृष्णधवल फिल्मवर दिव्यासारखे पेटतात.

हार्लोचा ‘रेड-हेडेड वुमन’ (१९३२) हा या प्रकाराचा सर्वांत निर्लज्ज आणि म्हणून सर्वांत प्रामाणिक नमुना. कॅथरीन ब्रशच्या कादंबरीवर आधी एफ. स्कॉट फिट्झजेराल्डकडून पटकथा लिहून घेतली होती. निर्माता आयर्विंग थॅलबर्गला ती फार गंभीर वाटली आणि त्यानं काम अनिता लूसकडे दिलं. प्रेक्षकांनी या बाईवर हसू नये, तिच्याबरोबर हसावं, अशी त्याची अट होती. आधी दाखवून पाहिलं तर लोक बुचकळ्यात पडले, हसायचं की नाही ते कळेना. म्हणून लूसनं सुरुवातीला काही तुकडे जोडले. त्यांतला एक असा: लिल (हार्लो) दुकानात झगा घालून उजेडात उभी राहते आणि यातून आरपार दिसतं का, असं विचारते. दुकानातली बाई चाचरत हो म्हणते. मग हाच द्या, असं लिलचं उत्तर. त्यानंतर साहेबाचा फोटो ती मोज्याच्या पट्ट्यात अडकवते आणि कामाला लागते. अर्ध्या मिनिटात प्रेक्षकाला कळतं की इथं फसवणूक आहे, पण लपवाछपवी नाही.

लिल साहेबाचं लग्न मोडते, त्याच्याशी लग्न करते, गावातल्या प्रतिष्ठितांनी घरात घेतलं नाही म्हणून आणखी मोठा मासा गाठते, आणि सगळं अंगाशी आल्यावर नवऱ्यावर गोळी झाडते. तो वाचतो. तिला शिक्षा? दोन वर्षांनी पॅरिसच्या घोड्यांच्या शर्यतीत ती दाढीवाल्या म्हाताऱ्या श्रीमंताच्या कुशीत दिसते, आणि मोटार चालवतोय तो तिचा देखणा शोफर, म्हणजे शार्ल बॉये. सेन्सॉरवाल्यांचं पित्त खवळलं ते या शेवटानं. बाई वाईट वागते हे त्यांना नवीन नव्हतं. ती वाईट वागून सुखी राहते हे मात्र गिळवेना. मला लिल आवडते असं नाही. ती क्रूर आहे आणि चित्रपट तिचा पहिला बळी, म्हणजे साहेबाची बायको, फार लवकर विसरतो. पण लूसनं तिच्या तोंडी एकही खोटं समर्थन घातलेलं नाही, ही गोष्ट मोठी आहे.

‘डिनर ॲट एट’ (१९३३) मध्ये हार्लोची किटी पॅकार्ड अंथरुणात पडून चॉकलेटं खाते आणि नवऱ्याशी कडाकडा भांडते. भूमिका लहान, पण सगळ्या बड्या नटांना ती पुरून उरते. बार्बरा स्टॅनविकचा ‘बेबी फेस’ (१९३३) याच घराण्यातला, पण तो विनोदी नाही. बँकेच्या इमारतीच्या खिडक्यांवरून कॅमेरा एकेक मजला वर सरकतो आणि लिली त्या त्या खात्यातल्या पुरुषाला मागे टाकत वर चढते. ही युक्ती कुठल्याही कॉमेडीला शोभली असती. न्यूयॉर्कच्या सेन्सॉरनं तो कापायला लावला. मूळ प्रत पार २००४ साली काँग्रेसच्या ग्रंथालयाच्या संग्रहात सापडली, तेव्हा कुठे लोकांना कळलं की आपण सत्तर वर्षं पाहत होतो ती धुऊन वाळवलेली आवृत्ती होती.

‘बेबी फेस’मध्ये लिलीबरोबर गाव सोडून शहरात येते ती चिको, म्हणजे थेरेसा हॅरिस. दोघी सारख्याच कंगाल, मालगाडीतून एकत्र येतात, चिको कदाचित जास्तच देखणी. लिली मजले चढते. चिको तिची मोलकरीण होते आणि तिच्या उतरलेल्या कोटात खूश राहते. मे वेस्टच्या ‘शी डन हिम राँग’ (१९३३) मध्ये हिऱ्यांनी मढलेल्या नायिकेमागे लुईझ बीव्हर्स उभी आहे. रूपाचं भांडवल करून वर जायची वाट कुणासाठी खुली होती, ते या दोन दृश्यांत स्वच्छ दिसतं, आणि ‘स्त्रीस्वातंत्र्याचा सुवर्णकाळ’ म्हणणारे इथं घाईनं पुढे सरकतात.

मे वेस्टला मी या यादीत अर्धवटच धरतो. ती पैसा शोधत नाही, तिच्याकडे तो आधीच आहे. आपले संवाद आपणच लिहिणारी, प्रत्येक वाक्यात पुरुषाला तोलून परत ठेवणारी बाई; १९३५ साली अमेरिकेतली सर्वांत जास्त कमावणारी स्त्री. कॉन्स्टन्स बेनेटची कथाही बोलकी आहे. पडद्यावर ती विकल्या जाणाऱ्या बायका करायची, आणि १९३१ साली वॉर्नरनं तिला दोन चित्रपटांसाठी आठवड्याला ३० हजार डॉलर मोजले. त्यांतल्या एका चित्रपटाचं नाव ‘बॉट!’. विकत घेतलेली. लूस, एकिन्स, ब्रश, वेस्ट ही नावं एकत्र ठेवली की आणखी एक गोष्ट ध्यानात येते: लिहिणाऱ्यांत बायका भरपूर होत्या आणि त्या आपल्या लेखणीवर चांगलं कमावत होत्या. पडद्यावरचा हिशेब एवढा चोख येतो तो त्यामुळेच.

आता १९३४. पडद्यावर काय चालेल नि काय नाही हे सांगणारी निर्मितिसंहिता लिहून तयार होती १९३० पासूनच. कॅथलिक पाद्री डॅनियल लॉर्ड आणि प्रकाशक मार्टिन क्विग्ली यांनी ती रचली, विल हेजच्या निर्मात्यांच्या संघटनेनं ती स्वीकारली. अभ्यासक ली जेकब्स बजावते की चार वर्षं ती नुसती फळीवर पडून नव्हती. प्रत्येक पटकथेवर पत्रव्यवहार चाले, काटछाट होई. ‘रेड-हेडेड वुमन’ची कागदपत्रंही हेच सांगतात. त्यामुळे अमुक तारखेपर्यंत मोकळं रान आणि नंतर तुरुंग, ही गोष्ट फार सोपी झाली. तरीही कॅथलिकांच्या बहिष्काराच्या धमकीनंतर जुलै १९३४ पासून ती राबवणाऱ्या जोसेफ ब्रीनच्या कचेरीचं प्रमाणपत्र सक्तीचं झालं, त्याविना चित्रपट लावणाऱ्याला २५ हजार डॉलर दंड ठरला, आणि फरक पडला. तो नेमका कसा पडला ते पाहायला ‘द गर्ल फ्रॉम मिसुरी’ एवढा सोयीचा चित्रपट दुसरा नाही. लेखिका लूस, नायिका हार्लो, दिग्दर्शक जॅक कॉनवे. हीच मंडळी ‘रेड-हेडेड वुमन’ची. मध्ये फक्त दोन वर्षं गेलेली.

‘बॉर्न टू बी किस्ड’ हे आधीचं नाव गेलं. नायिका ईडी पैसेवाला नवरा मिळवायला न्यूयॉर्कला येते, पण आता तिची एक प्रतिज्ञा आहे: लग्नाआधी कुणाला हात लावू द्यायचा नाही. शीलाचा गजर एवढा वाजतो की लूस नाकानं कांदे सोलणाऱ्यांची टिंगल करतेय की त्यांना शरण गेलीय, कळत नाही. बहुधा दोन्ही. लायनल बॅरिमोरचा धनिक बाप तिला बदनाम करायला तिच्या खोलीत पुरुष आणि फोटोग्राफर घुसवतो. तीही मग बोटीवर चढणाऱ्या त्या बापाला अंतर्वस्त्रांत मिठी मारून पत्रकारांसमोर फोटो काढवते. जुन्या हार्लोची हीच एक झलक. नवरा मिळतो, पैसाही मिळतो, पण आता तो पातिव्रत्याचं बक्षीस म्हणून. लिल दाम ठरवत होती, ईडीला बक्षीस मिळतं.

बाहेरच्या जगातही वारं त्याच दिशेनं वाहत होतं. लग्नाचं वचन मोडल्याबद्दल पुरुषावर भरपाईचा दावा लावायची जुनी सोय १९३५ साली आधी इंडियाना राज्यानं बंद केली. तो कायदा आणणारी रॉबर्टा वेस्ट निकल्सन ही स्त्रीच होती. न्यूयॉर्क आणि इतर काही राज्यांनी मागोमाग तेच केलं. श्रीमंत पुरुषांना लुबाडणाऱ्या बायकांची भीती वर्तमानपत्रांनी इतकी वाढवली होती की खऱ्याखुऱ्या फसवलेल्या मुलींचा दावाही त्यात वाहून गेला.

यानंतरच्या कॉमेड्यांत पैसा नाहीसा झाला नाही. त्यानं नुसती वाट बदलली. आधी बाई त्याला शोधत जायची, आता तो तिला शोधत येऊ लागला. ‘ईझी लिव्हिंग’ (१९३७) मध्ये बँकरनं गच्चीवरून रागानं फेकलेला बायकोचा सेबलचा कोट बसच्या टपावर बसलेल्या जीन आर्थरच्या डोक्यावर पडतो. तिनं काही मागितलेलं नाही. ती तर कोट परत करायला निघते. पण अख्खं शहर तिला बँकरची ठेवलेली बाई समजून हॉटेलची खोली, मोटार, दागिने पायाशी आणून टाकतं. प्रेस्टन स्टर्जेसनं हे झकास लिहिलंय, आणि संहितेला चकवा देऊन त्यानं दाखवलंय तेच सगळं जे ‘ग्रीक्स’मध्ये होतं. मात्र आता नायिकेचे हात कोरे. ‘हँड्स अक्रॉस द टेबल’ (१९३५) मधली कॅरोल लोम्बार्डची नखं रंगवणारी मुलगी पैशासाठीच लग्न करणार म्हणून स्वच्छ सांगते, आणि शेवटी कफल्लक माणूस पत्करते. तिचं पहिलं बोलणं फार खरं वाटतं, शेवटचं त्या मानानं कमी.

अपवाद ‘मिडनाइट’ (१९३९). सोनेरी झगा सोडून काहीही जवळ नसलेली क्लॉडेट कॉल्बर्ट पावसात पॅरिसला उतरते आणि एका श्रीमंताकडे सरळ नोकरी धरते. काम: त्याच्या बायकोच्या प्रियकराला आपल्या नादी लावणं. पगार ठरलेला. बिली वाइल्डर आणि चार्ल्स ब्रॅकेटनं हा व्यवहार इतक्या सफाईनं लिहिलाय की ब्रीनच्या कचेरीला बहुधा तिचं एका टॅक्सीवाल्याबरोबरचं प्रेमच दिसलं. १९४२ साली स्टर्जेसच्या ‘द पाम बीच स्टोरी’मध्ये बायको नवऱ्यावर प्रेम असतानाच त्याच्यासाठी भांडवल गोळा करायला घर सोडते, आणि वाटेत भेटणारा प्रत्येक म्हातारा खिसा उलटा करतो. यापलीकडे मात्र जुन्या धिटाईचे धागे विरळ होत गेले. दरम्यान १९३४ आधीचे चित्रपट पुन्हा लावायचे तर प्रमाणपत्र लागे, त्यासाठी काटछाट लागे. कित्येक डब्यांत पडून राहिले. हार्लो १९३७ साली २६व्या वर्षी गेली.

१९५३ साली फॉक्सनं ‘हाउ टु मॅरी अ मिलियनेअर’ काढला, तो झोई एकिन्सच्या नाटकाचाही आधार घेऊन. ‘ग्रीक्स’मध्ये टोप्या सांभाळणाऱ्या मुलीच्या नाममात्र भूमिकेत दिसलेली बेटी ग्रेबल इथं तिघींपैकी एक आहे, दुसरी मर्लिन मन्रो, आणि लॉरेन बकॉलच्या पात्राचं नाव पुन्हा शाट्झी. हिशेब करणारी तीच. महागडा फ्लॅट भाड्यानं घेऊन त्यातलं सामान विकत विकत ती श्रीमंत नवऱ्याची वाट पाहते. पण तिला तो मिळतो तेव्हाच, जेव्हा ती हिशेब सोडून एका फाटक्या वाटणाऱ्या माणसाशी लग्न करते. हॉटेलातल्या काउंटरवर बिल द्यायला तो हजार डॉलरची नोट काढतो आणि तिघीही स्टुलावरून बेशुद्ध होऊन खाली पडतात. १९३२ची शाट्झी असती तर तिनं आधी नोट खरी आहे का ते पाहिलं असतं आणि मग उरलेली मोड मागून घेतली असती.